लाल डबा, निळा डबा आणि पासवाल्यांची भांडणं

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेलो, की रेल्वेच्या जुन्या डब्यांपेक्षा नवे डबे मला बरे वाटतात. त्यावर एवढी पत्रं आली, की संपादकबाईंनी या वेळची सदराची सगळी जागा त्यालाच देऊन टाकली. बहुतेक पत्रं अपडाउन करणाऱ्यांची आहेत आणि बहुतेकांना माझं म्हणणं मान्य नाही. माझी उभी नोकरी रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगन विभागात गेली, म्हणजे पिट लाइनमध्ये उतरून डब्याचं पोट बघण्यात. तुम्ही सगळे डबा आतून बघता, मी खालून बघितला. मतभेद व्हायचेच. पण पत्रं वाचताना एक दिसलं. ‘जुनं बरं होतं’ म्हणणाऱ्याच्या पत्रात एक तरी तक्रार अगदी खरी असते, फक्त तिचं खापर बहुधा भलत्याच गोष्टीवर फुटलेलं असतं.

प्रश्न : मी वडोदरा–सुरत पासवाला. आमच्या ग्रुपचं ठाम मत आहे, की निळे डबे आजच्या लाल डब्यांपेक्षा चांगले होते. लाल गाडी सुटली की असा हिसका बसतो, की पत्ते मांडीवरून खाली आणि चहा शर्टावर. नवं तंत्र म्हणतात ते हेच का? — एक पासधारक, मांजलपूर

उत्तर : हिसका खरा आहे. तुमच्या ग्रुपला भास होत नाही.

निळा डबा म्हणजे आयसीएफचा. चेन्नईच्या पेरांबूरला १९५५ मध्ये इंटिग्रल कोच फॅक्टरी सुरू झाली, डबा मूळचा स्विस कंपनीच्या आराखड्यावरचा. (रंगाचं फार मनावर घेऊ नका. आज तुम्ही ‘निळा’ म्हणून ज्याच्या आठवणी काढता, तोच डबा नव्वदीच्या आधी गेरूच्या रंगाचा होता, आणि निळा रंग आला तेव्हाही लोकांनी नाकं मुरडली होती.) लाल डबा म्हणजे एलएचबी, मूळ जर्मन. कपुरथळ्याच्या कारखान्यासाठी हे तंत्र घेतलं आणि २००० च्या सुमाराला पहिले डबे आपल्याकडे आले.

आता हिसक्याचं. आयसीएफच्या दोन डब्यांना स्क्रू कपलिंग असायचं. शंटिंगचा माणूस दोन डब्यांच्या मधे वाकून आत शिरायचा, साखळी हुकात अडकवायचा आणि स्क्रू फिरवून आवळायचा. दोन्ही बाजूंचे बफर एकमेकांवर दाबून बसेपर्यंत आवळायचा, अशी शिस्त होती. बफर दाबलेले असले की डब्यांच्या मधे मोकळी जागाच उरत नाही. इंजिनाने ओढलं की सगळी गाडी एकदम हलते. एलएचबीत बाजूचे बफर नाहीत. मधोमध एकच कपलर, दोन डबे जवळ आणले की तो आपोआप धरतो, मधे माणूस घालायला नको. पण या कपलरच्या मागे धक्का झेलणारा जो भाग असतो, ड्राफ्ट गियर, त्यात सुरुवातीच्या डब्यांमध्ये थोडी ढिलाई होती. एका डब्यात ती थोडीच वाटते. वीस-बावीस डब्यांची गाडी असली की प्रत्येकाची ढिलाई पुढच्याला मिळत जाते आणि मागच्या डब्यांत बसलेल्याला तिची बेरीज मिळते. नंतर ड्राफ्ट गियर बदलण्याचं काम निघालं, त्याने फरक पडला. बाकीचं लोको पायलटच्या हातात असतं. मुरलेला माणूस आधी गाडी नुसती ताणून घेतो आणि मग ओढतो.

म्हणून पहिला सल्ला साधा : हिसका नको असेल तर इंजिनाकडचे डबे धरा. मागच्या टोकाला पत्ते खेळू नका.

पण निळ्या डब्याचा तो घट्ट बफर एका गोष्टीत फार वाईट होता आणि ते मला लिहिलंच पाहिजे. गाडी घसरली किंवा धडकली, की आयसीएफचे डबे एकमेकांवर चढायचे, एकमेकांत घुसायचे. २० नोव्हेंबर २०१६ ला कानपूरजवळ पुखरायांला इंदूर–पाटणा एक्सप्रेस घसरली. डबे जुन्या पद्धतीचे होते. जवळपास दीडशे माणसं गेली. एलएचबीचा कपलर डब्याला शेजारच्यावर चढू देत नाही. ज्याने चढलेले डबे क्रेनने उतरवताना पाहिले आहेत, त्याच्याशी चहा सांडण्यावरून वाद घालायला येऊ नका, तो नीट बोलणार नाही. जानेवारी २०१८ मध्ये पेरांबूरमधून जुन्या पद्धतीचा शेवटचा डबा बाहेर पडला. मला त्या दिवशी वाईट वाटलं नाही.

ब्रेकचंही सांगून टाकतो. निळ्या डब्यात ब्रेकचे ठोकळे थेट चाकावर घासायचे. भरूचजवळ नर्मदेच्या पुलापाशी गाडीने वेग कमी केला, की खिडकीतून जो जळका वास यायचा तो त्याचाच. लाल डब्यात डिस्क ब्रेक आहेत, वास नाही, किंचाळणं कमी. हे तुमच्या ग्रुपमधल्या कुणी लिहिलं नाही. जो त्रास बंद होतो त्याची आठवण कुणी ठेवत नाही.

चहा अर्धा कपच भरून घ्या.

प्रश्न : काका, लहानपणी गाडीत बाबा पंखा कंगव्याने फिरवून सुरू करायचे. असं का करावं लागायचं? — वाघोडिया रोडवरून एक वाचक

उत्तर : कारण त्या डब्याला वीज कुणी देत नव्हतं, तो स्वतःच तयार करायचा. चाकाच्या आसाला पट्टा, पट्ट्यावर अल्टरनेटर, त्याच्यावर बॅटरी, आणि बॅटरीवर ११० व्होल्टचे डीसी पंखे. पट्टा तुटला किंवा गाडी बराच वेळ सिग्नलला उभी राहिली, की बॅटरी दमायची. त्यात पंख्याच्या आतले ब्रश झिजलेले. तो गुरगुरायचा पण निघायचा नाही, मग कुणीतरी कंगवा, पेन, नाहीतर घडी केलेला पेपर घालून त्याला ढकलायचं. आता लाल गाडीतले पंखे इंजिनामार्फत थेट वरच्या तारेच्या विजेवर किंवा जनरेटरच्या डब्यावर चालतात. कंगवा केसांसाठी वापरा.

प्रश्न : मी आणंदला शाळेत शिकवते आणि मेमूने (वेगळं इंजिन नसलेल्या विजेच्या गाडीने) जाते-येते. कधी जुनी मेमू येते, कधी नवी. नव्या गाडीत कॅमेरे आहेत, पुढचं स्टेशन सांगणारा बोर्ड आहे, सीट मऊ आहे. तरी लेडीज डब्यातल्या आम्हा सगळ्यांत ‘जुनी बरी’ म्हणणाऱ्याच जास्त. मी नवीच्या बाजूची एकटी. मला बळ द्या. — एक शिक्षिका, कारेलीबाग

उत्तर : ताई, यंत्राच्या बाबतीत तुम्ही जिंकलात. मैत्रिणींच्या बाबतीत थांबा जरा.

मेमू आपल्या देशात १९९४ मध्ये आली, पहिली बंगालमध्ये आसनसोल–आद्रा मार्गावर धावली. त्याआधी लोकल कामाला इंजिन लावलेली पॅसेंजर असायची. शेवटच्या स्टेशनला पोचली की इंजिन सोडायचं, बाजूच्या रुळावरून फिरवून दुसऱ्या टोकाला आणायचं, पुन्हा जोडायचं. मेमूला दोन्ही टोकांना ड्रायव्हरची केबिन, तो फक्त आपली पिशवी उचलून चालत दुसऱ्या टोकाला जातो. माझ्या मते पासवाल्यासाठी सगळ्यात मोठा बदल तो होता आणि तो जुन्या मेमूनेच केला.

जुन्या मेमूत डीसी मोटर, वेग टप्प्याटप्प्याने चढतो. प्रत्येक टप्प्याला एक बारीकसा धक्का, उभं राहणाऱ्याच्या गुडघ्याला तो कळतो. नव्या मेमूत थ्री-फेज मोटर आणि वीज हवी तशी बदलून देणारा कन्व्हर्टर. गाडी निघताना वर चढत जाणारा एक सूर ऐकू येतो ना, तो त्या कन्व्हर्टरचा. धक्का नाही. ब्रेक लावताना मोटर उलटी कामाला लागते आणि वीज परत तारेत पाठवते. थांबत थांबत जाणाऱ्या गाडीला हे फार फायद्याचं, कारण वडोदरा ते आणंद तुमची गाडी पळण्यापेक्षा थांबण्याचाच धंदा जास्त करते.

आता तुमच्या मैत्रिणींचं. माझी धाकटी बहीण भरूचला नोकरीला जायची. तिला मी हाच प्रश्न विचारला तर ती म्हणाली, “दादा, सीट-बिट सोड. रेक, म्हणजे डब्यांचा संच, बदलला की लेडीज डबा फलाटावर भलतीकडे येतो. आम्ही रोज ज्या खांबाजवळ उभ्या असतो तिथे पुरुषांचा डबा येऊन उभा राहतो आणि मग एका हातात डबा, एका हातात पर्स घेऊन पळायचं.” हे ऐकल्यावर मला तुमच्या लेडीज डब्याचं मतदान समजलं. जुन्या गाडीचा लेडीज डबा कुठे येतो हे पायांना पाठ झालेलं आहे. नव्या गाडीचं अजून नाही, आणि दोन्ही आलटून पालटून येत असतील तर कधीच होणार नाही. तेव्हा ‘जुनी मेमू हवी’ असा अर्ज करू नका, तो कुणी वाचणार नाही. ‘लेडीज डबा दोन्ही गाड्यांत एकाच जागी यावा आणि फलाटावर तशी पाटी असावी’ असा करा. असा अर्ज मान्य करायला कुणाला पैसे पडत नाहीत, त्यामुळे तो मान्य होण्याची शक्यता असते.

कॅमेऱ्याबद्दल माझं मत : असू द्यावा. पण रात्रीच्या गाडीत कॅमेऱ्यापेक्षा सगळे दिवे चालू असणं आणि एक महिला कॉन्स्टेबल डब्यात असणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

आणखी एक, कामाचं. मेमूत साधारणपणे चार डब्यांचं एक युनिट असतं, एक मोटर कोच आणि तीन बिनमोटरचे. मोटर कोचात मशीनचा कप्पा असतो, म्हणून जागा कमी आणि आवाज जास्त. वह्या तपासायच्या असतील तर मधल्या डब्यांत बसा.

प्रश्न : माझे दोन्ही गुडघे दुखतात. जुन्या गाडीत चढता यायचं, आता नव्या गाडीत फार उंच वाटतं. डबे उंच केलेत का? — एक आजी, दांडिया बाजार

उत्तर : मावशी, डबा फारसा उंच झालेला नाही. जुना काय, नवा काय, डब्याची जमीन रुळापासून सव्वा मीटरच्या आसपास असते. उंच फलाट ७६० ते ८४० मिलिमीटर. म्हणजे उंच फलाट असला तरी एक मोठी पायरी उरतेच, आणि जिथे फलाटच बुटका तिथे तर चढणं म्हणजे शिडी. जुन्या गाडीत चढताना तुमचे गुडघेही वीस वर्षांनी तरुण होते, हेही धरा. चढताना डब्याच्या दोन्ही बाजूंचे दांडे धरायचे आणि कमी दुखणारा पाय आधी वर ठेवायचा. उतरताना जास्त दुखरा पाय आधी खाली.

तुम्ही पत्राच्या शेवटी संडासाबद्दल जे लिहिलं आहे ते छापत नाही, पण उत्तर देतो. पूर्वी सगळं रुळावर पडायचं आणि खाली आम्ही काम करायचो. आता बायोटॉयलेट असतं, खालच्या टाकीत जिवाणू मैला पचवून टाकतात. हे जिवाणू ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेने तयार केले, मुळात उंच डोंगरावरच्या सैनिकांसाठी. ते सगळं खातात, फक्त प्लास्टिक, कापड आणि गुटख्याची पुडी खात नाहीत. तुम्हाला जो वास आला तो त्यामुळे. खालून काम केलेला माणूस म्हणून सांगतो, हा एक बदल झाला नसता तर बाकी सगळे बदल मला फुकट वाटले असते.

प्रश्न : मी मूळचा वडोदऱ्याचा, नोकरीमुळे डोंबिवलीला राहतो. आमच्याकडे एसी लोकल की साधी लोकल यावरून डब्यात रोज भांडणं होतात. साधीवाले म्हणतात दारात वारा मिळतो, एसीत कोंडल्यासारखं होतं आणि एसी आल्यापासून आमची गाडी गेली. तुम्ही निकाल द्या. — एक मुंबईकर (नाइलाजाने)

उत्तर : निकाल देतो, पण आधी तुमच्या भांडणातले ‘जुने’ आणि ‘नवे’ कोण ते नीट लावू या. कारण आज तुम्ही जिला साधी म्हणता, तीही एकेकाळी नवीच होती आणि तिच्यावरूनही वाद झालाच असणार.

मुंबईत विजेची पहिली लोकल ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला धावली, १५०० व्होल्ट डीसीवर. ही डीसी वीज मुंबईत पुढे जवळपास नव्वद वर्षं टिकली. बाकी देश २५ हजार व्होल्ट एसीवर (हा एसी विजेचा प्रकार, थंड हवेचा नव्हे) गेला तरी मुंबईचं पूर्ण रूपांतर व्हायला २०१६ उजाडलं. त्या संक्रमणासाठीच २००७ पासून सीमेन्सच्या विजेच्या सामानाचे रेक आले. पांढऱ्यावर जांभळा पट्टा असलेले, आठवत असतील. त्यांची खरी नवलाई छतावर होती. चेंगराचेंगरीच्या डब्यात श्वासानेच हवा खराब होते, म्हणून बाहेरची हवा यंत्राने आत ढकलायची सोय त्यांच्यात पहिल्यांदा नीट झाली. मग मार्च २०१५ पासून बॉम्बार्डियरचं सामान लावलेले रेक धावू लागले, डबा पेरांबूरचाच. आणि २५ डिसेंबर २०१७ ला पश्चिम रेल्वेवर पहिली एसी लोकल.

आता तुमच्या साधीवाल्यांची खरी तक्रार. वारा नव्हे. खरी तक्रार आहे ‘आमची गाडी गेली’. वेळापत्रकात गाड्यांच्या जागा ठरलेल्या असतात, गर्दीच्या वेळी तर तसूभर जागा नसते. तिथे एसी घालायची म्हणजे एखादी साधी काढायची. साध्या पासवाल्याला त्या एसीत चढता येत नाही, म्हणजे त्याच्या दृष्टीने आठ-बावीसची गाडी रद्दच झाली, आणि तिची माणसं आठ-तीसच्या गाडीत येऊन कोंबली गेली. ऑगस्ट २०२२ मध्ये याच कारणाने कळवा, बदलापूरला प्रवाशांनी निदर्शनं केली आणि मध्य रेल्वेला नुकत्याच वाढवलेल्या १० एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. मला ते आंदोलन चुकीचं वाटत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात एसीचं एकेरी भाडं निम्म्यावर आणलं होतं. पण महिन्याचा पास काढणाऱ्याला एकेरी तिकिटाचं काय कौतुक? त्याचं सगळं जग पासवर चालतं.

एवढं साधीवाल्यांच्या पदरात टाकलं. आता दाराचं.

दारातल्या वाऱ्याची हौस मला कळते, मीही आयुष्यभर रेल्वेतला माणूस आहे. पण ९ जून २०२५ ला तुमच्याच मार्गावर, मुंब्र्याजवळच्या वळणावर, दोन गाड्या एकमेकींना पार करताना दारात लटकलेली माणसं खाली पडली आणि मेली. त्यातलं कुणीही वारा खायला लटकलेलं नव्हतं. आत जागा नव्हती. बंद दार ही एकच गोष्ट अशी आहे, जिच्यावर मी जुन्याच्या बाजूने एक शब्दही ऐकून घेणार नाही. त्या अपघातानंतर रेल्वेने साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारं लावायचं ठरवलं. दारांना झडपा, म्हणजे हवा आत येईल, छतावर हवा ढकलणारी यंत्रणा, आणि एका डब्यातून दुसऱ्यात जायला वाट, म्हणजे गर्दी थोडी पसरेल. मला ही रचना एसीपेक्षाही महत्त्वाची वाटते, कारण ती त्याच पासवर मिळेल.

तेव्हा निकाल असा : दार बंद पाहिजे, थंडगार हवा नसली तरी चालेल, आणि कुणाची आठ-बावीस काढून दुसऱ्याला देऊ नये. दोन्ही बाजू नाराज होतील हे मला माहीत आहे.

जाता जाता, तुमच्या सुरतेकडच्या शेजाऱ्यांचं. सुरत–मुंबई फ्लाइंग राणीचे दुमजली डबे १९७९ पासून होते, जुलै २०२३ मध्ये ते काढून लाल डबे लावले. त्यावर हळहळणारी तीन पत्रं याच गठ्ठ्यात आहेत. दुमजली डब्यात माणसं जास्त बसत, ही त्यांची तक्रार खरी. वरच्या मजल्यावर कपाळ आपटायचं, हे मात्र तिघांनीही लिहिलेलं नाही.

प्रश्न : आमची छोटी गाडी गेली. नॅरोगेजची मजा या मेमूला नाही. तुम्हाला काय वाटतं? — एक वाचक, डभोई

उत्तर : मला वाटतं, तुमच्या गावाला नाराज व्हायचा हक्क आहे. देशातली पहिली नॅरोगेज तुमचीच. खंडेराव महाराजांनी १८६२ मध्ये डभोई ते मियागाम रूळ टाकले आणि सुरुवातीला डबे ओढायला बैल होते, कारण ते रूळ इंजिनाच्या वजनाचे नव्हते. १८७३ मध्ये रूळ बदलून इंजिन आलं. पुढे सयाजीराव महाराजांच्या काळात फाटे फुटत गेले आणि डभोई नॅरोगेजचं मोठं जंक्शन झालं. दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर.

गाडी हळू होती, तो त्रास होता. पण डबा बुटका होता, जमिनीवरूनही पाय टाकून चढता यायचं. वरच्या मावशींनी हे वाचावं. टोपली, दुधाची बरणी, बकरी, कुणालाच उंच फलाट लागत नव्हता. ब्रॉडगेजच्या डब्यात ही सोय कधीच येणार नाही. तुम्हाला जे गेल्यासारखं वाटतं ते हेच असावं. बाकी ‘मजा’ जी म्हणता, ती रोज नोकरीला जाणाऱ्याला किती होती ते त्यालाच विचारा.

उलट बाजू सांगतो. चांदोदला नर्मदास्नानाला किंवा श्राद्धाला जायचं म्हणजे आमच्या घरी पहाटेपासून गडबड. गरुडेश्वरला टेंबेस्वामींच्या समाधीला जायचं तर गाडीनंतर पुन्हा बस. १७ जानेवारी २०२१ ला केवडिया स्टेशनचं उद्घाटन झालं. आता त्याला एकता नगर म्हणतात. तेव्हापासून वडोदऱ्याच्या प्रतापनगरहून मेमूत बसलं की ब्रॉडगेजने सरळ तिकडे. स्टेशन बांधलं सरदार पटेलांच्या पुतळ्याच्या पर्यटकांसाठी, सोय झाली दत्तभक्तांचीही. माझी बायको या एका गाडीसाठी नवीन सगळं माफ करते.

जुने डबे आणि इंजिन पाहायचे असतील तर प्रतापनगरच्या रेल्वे संग्रहालयात नातवंडांना घेऊन जा.

प्रश्न : इंदूरला मेट्रो सुरू झाली. तिचे डबे तुमच्या वडोदऱ्याजवळच्या सावली गावात बनले असं मुलगा म्हणतो. खरं का? आणि मग वडोदऱ्याला मेट्रो का नाही? — एक वाचक, राजवाडा, इंदूर

उत्तर : पहिल्याचं उत्तर हो. तुमची मेट्रो ३१ मे २०२५ ला सुरू झाली, डबे अल्स्टॉमच्या सावली कारखान्यातले. हा कारखाना पूर्वी बॉम्बार्डियरचा होता, २००९ मध्ये दिल्ली मेट्रोचे डबे इथून निघाले. दिल्ली–मेरठच्या नमो भारत गाड्या, कानपूर आणि आग्र्याची मेट्रो, भोपाळची मेट्रो, सगळं इथलं. दुसऱ्याचं उत्तर माझ्या हातात नाही. आम्ही डबे करतो आणि रिक्षाने घरी जातो.

तुमच्या मुलाला आणखी एक सांगा. याच सावलीतून ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनसाठी सहा-सहा डब्यांच्या ७५ गाड्या गेल्या. कोऱ्या, चकचकीत, एसी. तिथे पोचल्यावर चाकाच्या खुर्चीवरच्या प्रवाशांच्या लक्षात आलं, की आतला संडास आणि त्याच्या शेजारून जायची वाट त्यांच्या खुर्चीला पुरत नाही. तिथल्या सरकारने २०१८ मध्ये चौकशी आयोग बसवला. आयोगाने खरेदीच्या प्रक्रियेवर बोट ठेवलं. अपंग प्रवाशांना वेळेवर विचारलंच नव्हतं. मग त्या गाड्या तिथल्याच एका कारखान्यात नेऊन पुन्हा उघडल्या, दुरुस्त केल्या, आणि त्यात काही वर्षं गेली. सावलीतल्या वेल्डरने त्याला दिलेलं काम दिलेल्या मापाने केलं होतं. माप ठरवतानाच एक माणूस खोलीत बोलवायचा राहिला होता. आपल्याकडे डबा ठरवताना पासवाल्याला खोलीत बोलावलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

इंदूरच्या डब्यात बाकं भिंतीला लागून लांबच लांब आणि मधे उभं राहायला जागा, ही रचना थोड्या अंतरासाठी उत्तम. हीच बाकं उद्या कुणी सुरतेच्या मेमूत लावली तर मी स्वतः मोर्चात येईन.

प्रश्न : सगळ्यांना सल्ले देता, तुम्ही स्वतः कुठे बसता? — एक वाचक, रावपुरा

उत्तर : नवी गाडी मिळाली तर नवी, नाहीतर येईल ती. मेमूत मोटर कोच सोडून मधला डबा. दारापासून दूर, कारण दारातली माणसं प्रत्येक स्टेशनला पाय तुडवतात. आणि बाजू ठरलेली. सकाळी सुरतेकडे जाताना ऊन डावीकडून येतं, म्हणून उजवी खिडकी. संध्याकाळी परत येताना तोंड उत्तरेला, मावळतीचं ऊन पुन्हा डावीकडून, म्हणून पुन्हा उजवीच खिडकी. आणंद, अहमदाबादकडे जाणाऱ्यांनी हे उलट करावं, जाता-येता डावी. कारेलीबागच्या ताईंनी मैत्रिणींना सांगून ठेवावं, त्या जागा आधी भरतात.